जगलिंगने केलेली निवड : 13 वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल चाचणीचं एक प्रकरण

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-चोपडा पट्ट्यातल्या एका गावात जूनमध्ये शाळा उघडल्यावर 13 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी फुटबॉलचं केंद्र सुरू करायचं ठरलं. शाळेचं मैदान होतं, थोडी लोकवर्गणी जमली होती आणि दोन क्रीडाशिक्षक आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी यायला तयार होते. पुढे कधीतरी सुब्रतो कपसाठी तालुक्यातून बरा संघ जावा, ही त्यामागची इच्छा. 1960 पासून चाललेली ही आंतरशालेय स्पर्धा खान्देशातल्या बहुतेक शाळांना फक्त परिपत्रकातून माहीत असते. जागा 18 ठेवल्या आणि निवड चाचणीला 41 मुलं आली.

चाचणी एका सकाळी उरकली आणि दुसऱ्या दिवशी यादी शाळेच्या फलकावर लागली. मग कुरबूर सुरू झाली. एक पालक म्हणाले, वशिला चालला. जवळच्या आश्रमशाळेची आठ मुलं आली होती आणि त्यांतल्या एकाचंही नाव यादीत नव्हतं, याचं तिथल्या अधीक्षकांना फार वाईट वाटलं. निवड करणारे शिक्षक प्रामाणिक होते. मी फुटबॉल शिकवतो, म्हणून त्यांनी गुणांचे सगळे कागद जसेच्या तसे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, सर, यात वशिला कुठे दिसला तर सांगा. वशिला नव्हताच. पण ही निवड कौशल्याचीही नव्हती, आणि ते त्याच कागदांवरून दिसत होतं. मुलांची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलला आहे. नावांऐवजी बिबचे, म्हणजे मुलांनी सदऱ्यावर चढवलेल्या नंबरच्या बनियनचे, नंबर दिले आहेत.

चाचणीत काय काय होतं

चार प्रकार होते. पहिला जगलिंग: चेंडू जमिनीला न लागता पाय, मांडी, डोक्यावर जितके वेळा खेळवता येईल तितके गुण. दुसरा कोनमधून ड्रिब्लिंग, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून शंकूंमधून वळत पळणं: सरळ रेषेत दहा कोन (शंकू), जाऊन-येऊन वेळ घ्यायची आणि 30 मधून सेकंद वजा करून उरतील ते गुण. तिसरा भिंतीवर पास: 30 सेकंदांत चेंडू जितके वेळा भिंतीवर मारून परत घेतला तितके गुण. चौथा नेमबाजी: गोलच्या कोपऱ्यात बांधलेल्या रिंगणावर पाच फटके, लागला तर दोन गुण. चारही आकड्यांची बेरीज करायची, मोठ्या बेरजेपासून लहानाकडे यादी लावायची आणि अठराव्या नावाखाली रेघ मारायची.

यातला एकेक प्रकार घेतला तर चुकीचा नाही. भिंतीवरच्या पासची कसोटी तर मॅकडोनाल्ड यांनी 1951 मध्येच मांडली होती आणि तिच्या आवृत्त्या आजही जगभर वापरतात. घोटाळा बेरजेत होता.

जगलिंगमध्ये सगळ्यांत कमी 4 आणि सगळ्यांत जास्त 112, म्हणजे पहिल्या-शेवटच्यात 108 गुणांचं अंतर. ड्रिब्लिंगमध्ये सगळ्यांत चपळ मुलाला 14 सेकंद लागले आणि सगळ्यांत संथ मुलाला 21, म्हणजे अंतर फक्त 7 गुणांचं. पासमध्ये 9 ते 22, अंतर 13. नेमबाजीत 0 ते 10. कापसाचे क्विंटल आणि केळीचे घड एकाच बेरजेत धरले तर जो आकडा मोठा तोच उत्पन्न ठरवणार. इथे जगलिंगने तेच केलं.

हिशेब करून पाहा. अठराव्या मुलाची बेरीज होती 68. ड्रिब्लिंग, पास आणि नेमबाजी या तिन्हीत 41 जणांत शेवटचा आलेला मुलगा मिळवणार 9, 9 आणि 0, म्हणजे 18. त्याने जगलिंग 50 केलं की तो 68 वर पोचतो. उलट तिन्हीत सगळ्यांत वरचे गुण घेतले तर 16, 22 आणि 10 मिळून 48. अशा मुलाचं जगलिंग 14 असेल तर बेरीज 62, आणि तो बाहेर. तीन कसोट्यांत पहिला येणारा बाहेर राहतो आणि तिन्हींत शेवटचा येणारा आत जातो, अशी वाट या पद्धतीने मोकळी ठेवली होती. प्रत्यक्षात इतकं टोकाचं कुणाचं झालं नव्हतं. पण यादीतल्या 18 नावांपैकी 15 जगलिंगच्या पहिल्या अठरात होती. बाकी तीन प्रकार घेतले नसते तरी यादी जवळजवळ हीच लागली असती.

आणि जगलिंग कुणाला येतं? ज्याच्या घरी स्वतःचा चेंडू आहे त्याला. हे कौशल्य एकट्याने, गच्चीवर, अंगणात, तासन् तास घोटून येतं. त्यातून चेंडूची ओळख होते, पायाचा स्पर्श हलका होतो, म्हणून मला ते आवडतं आणि मी ते शिकवतो. पण आश्रमशाळेत पन्नास मुलांत एक चेंडू असतो. तिथली मुलं रोज खेळतात ती दहा-दहाच्या गर्दीत, चेंडू हिसकावून घेत. त्यांना जगलिंगला वेळ आणि चेंडू कधी मिळणार? आठही मुलं का गळली, याचं उत्तर वशिल्यात शोधायची गरजच नव्हती.

बिब 23

या आठांपैकी एक, पावरा समाजातला, अंगाने काटक मुलगा. जगलिंग 14, ड्रिब्लिंगला 20 सेकंद, पास 15, नेमबाजी 8. बेरीज 47. अधीक्षकांचं सगळं म्हणणं या मुलावरून होतं. ते मला म्हणाले, "सर, हाऊ पोऱ्या बूट घालीसन कधी खेयेलच नही. त्याले तसाच पयू द्या, मंग दखा." म्हणजे हा मुलगा बूट घालून कधी खेळलेलाच नाही, त्याला तसाच अनवाणी पळू द्या, मग बघा.

चाचणीच्या दिवशी बूट सक्तीचे होते. या मुलाने दुसऱ्याचे स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट, घातले होते आणि ते त्याला एक नंबर मोठे होते. अनवाणी फुटबॉल म्हणजे मागासपणा असं कुणाला वाटत असेल तर 1948 चं लंडन ऑलिम्पिक आठवावं. फ्रान्सविरुद्ध भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले होते, दोन पेनल्टी हुकल्या आणि तरी सामना 2-1 असा थोडक्यात गेला. आज नियमाप्रमाणे सामन्यात पादत्राण लागतंच, तेव्हा या मुलाला बूट शिकावेच लागणार. पण मोजायचं होतं त्याचं चेंडूवरचं कौशल्य, आणि मोजली गेली बुटांची सवय.

हे नुसतं म्हणून भागत नाही, तपासावं लागतं. त्यासाठी एक सोपी रीत आहे. तोच कोनचा मार्ग आधी चेंडूशिवाय पळायला लावायचा आणि मग चेंडू घेऊन. दोन वेळांमधला फरक हा चेंडूचा खरा खर्च. नुसत्या ड्रिब्लिंगच्या वेळेत मुलाची पळण्याची गती आणि वळण घेण्याची चपळाई मिसळलेली असते. उंच, लवकर वाढलेला मुलगा तिथे पायांच्या जोरावर पुढे जातो आणि आपण त्याला ‘चांगला ड्रिब्लर’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून आम्ही मुलांची फेरतपासणी घेतली. तीत 23 नंबर त्या बुटांत चेंडूशिवाय पळाला तेव्हाही सगळ्यांत मागे होता. वळताना त्याची टाच बुटात सरकत होती आणि दर कोनला तो अर्धं पाऊल जास्त घेत होता. बूट काढल्यावर चेंडूसकट त्याची वेळ तीन सेकंदांनी उतरली आणि तो गटाच्या मधोमध आला. पहिला नाही, मधोमध. अधीक्षकांना वाटत होतं तितका तो जादूगार नव्हता आणि कागद सांगत होता तितका कच्चाही नव्हता.

त्याच दिवशी त्याची एक खरी उणीव सापडली. भिंतीवरचा पास एका पायाने, मग दुसऱ्या पायाने असा वेगळा घेतला. उजव्याने 14, डाव्याने 3. पहिल्या चाचणीत पाय मोकळा होता, त्यामुळे हे झाकलं गेलं होतं. 12 वर्षांच्या मुलाचा डावा पाय एका हंगामात बराच तयार होतो, पण आधी तो लंगडा आहे हे कळायला हवं.

मैदान, चेंडू, घड्याळ

काळ्या मातीचं मैदान जूनच्या अखेरीला कसं असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिल्या पावसाने अर्ध्या बुजतात, चिखलात ट्रॅक्टर जातो आणि मग आठ दिवस उघडीप पडली की चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात. कोनची रेषा नेमकी अशा एका चाकोरीवरून गेली होती, सहाव्या आणि सातव्या कोनच्या मध्ये. मी तिथे उकिडवा बसून चेंडू हाताने सोडून पाहिला. दर दोन-तीन वेळांत एकदा तो चाकोरीच्या कडेवरून उडून हातभर बाजूला जात होता. ज्या मुलाच्या वेळी उडाला त्याचे दोन सेकंद गेले. त्यात मुलाचं काय चुकलं?

चेंडू दोन होते, दोन्ही 5 नंबरचे. 68 ते 70 सेंटीमीटर घेर आणि 410 ते 450 ग्रॅम वजनाचा हा मोठ्या माणसांचा चेंडू. 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी साधारणपणे 4 नंबर वापरतात, तो घेराने आणि वजनाने कमी असतो. 13 च्या खालचा गट काठावरचा आहे हे खरं. पण यातली कितीतरी मुलं अकराचीही नव्हती. वर एक चेंडू टणक आणि दुसरा बोट दाबलं की आत जाणारा. नियमात हवेचा दाब 0.6 ते 1.1 वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या इतके पट) असा दिलेला आहे. मापी नसलेल्या हातपंपाने भरलेले चेंडू त्या मर्यादेत असतील की नाही देव जाणे, आणि दोन्ही सारखे तर नव्हतेच. जगलिंगला कुणाला कुठला मिळाला याची नोंद नाही. मऊ चेंडू पायावर कमी उसळतो, त्यामुळे जगलिंगला तो नवख्याला झेपतो आणि भिंतीवरून मात्र परत यायला उशीर करतो.

घड्याळ एकाच शिक्षकाच्या मोबाईलमधलं आणि प्रत्येकाला संधी एकच. हाताने घेतलेल्या वेळेची खोट माहीत असलेलीच आहे: अ‍ॅथलेटिक्समध्ये 100 मीटरची हाती वेळ विजेच्या घड्याळाशी ताडताना 0.24 सेकंद मिळवतात. इथे तर ड्रिब्लिंगच्या 16 ते 22 या क्रमांकांत वेळांचा फरक पाव सेकंदाच्या आसपासच होता. म्हणजे एवढ्या फरकावर कोण वर, कोण खाली हे घड्याळाच्या बटणावरचा अंगठा ठरवणार. फेरतपासणीला आम्ही दोन घड्याळं धरली, प्रत्येकाला तीन संधी दिल्या आणि तिन्हींतली मधली वेळ घेतली. मोर आणि ख्रिश्चन यांनी 1979 मध्ये दिलेली ड्रिब्लिंगची कसोटी मला सरळ रेषेपेक्षा बरी वाटते. सुमारे 18 मीटर व्यासाच्या वर्तुळावर 12 कोन, एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलट, एकदा मुलाला हवं तसं, आणि चांगल्या दोन वेळांची बेरीज. दोन्ही दिशांनी वळायचं असल्याने एका पायावर भागवता येत नाही. त्या मैदानात चाकोरी नसलेलं एवढं वर्तुळ एकाच कोपऱ्यात मिळालं, ते चुन्याने आखून ठेवलं आहे.

वयाचा प्रश्न, जो कागदावर सुटला नाही

वयोगटाच्या स्पर्धांत 1 जानेवारी ही तारीख धरली की जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं आणि निवडीत पुढे जातं. हे अनेक खेळांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून मी 41 जणांच्या जन्मतारखा मागवल्या. त्यांतल्या बऱ्याच 1 जूनच्या निघाल्या, आश्रमशाळेतल्या तर सगळ्या. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की 1 जून टाकायची ही आपल्याकडची जुनी रीत. मुलाची उंची, बसलेली उंची आणि वजन यांवरून वाढीचा टप्पा काढायचं मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांचं 2002 चं सूत्र आहे, पण त्यातही वय घालावं लागतं. तारीखच अंदाजाची असेल तर सूत्राचं उत्तरही अंदाजाचंच.

म्हणून वयाचा नाद सोडला आणि शाळेच्या भिंतीवर उंचीची पट्टी रंगवली. दर तीन महिन्यांनी उंची मोजायची. वाढीचा वेग काढायला जन्मतारीख लागत नाही, आणि उंचीची उसळी आलेल्या मुलाचे पाय काही महिने त्याचं ऐकत नाहीत. त्या काळात ड्रिब्लिंगला वेळ जास्त लागला तर घाबरायचं नाही, एवढं शिक्षकांना पट्टीवरून कळतं.

खेळात पाहिलं तेव्हा

कोन चेंडू हिसकावत नाही. त्यामुळे शेवटी मुलांना चार-चारच्या संघात, 30 बाय 20 मीटरच्या मैदानात, लहान गोल लावून खेळवलं. आठ-आठ मिनिटांचे दोन सामने, प्रत्येक मुलावर नजर ठेवायला वरच्या वर्गातला एक विद्यार्थी, हातात पाटी आणि कागद. मोजायच्या पाच गोष्टी: हिसकावलेला चेंडू, मिळालेला चेंडू, गमावलेला चेंडू, सोबत्याला पुढे धोकादायक जागी दिलेला चेंडू आणि गोलवर गेलेला फटका. ग्रेहेन, गोडबू आणि बुथिये यांनी 1997 मध्ये शाळांसाठीच ही पद्धत मांडली. हिसकावलेले आणि मिळालेले मिळून सहभाग. हिसकावलेले, पुढे दिलेले आणि गोलवरचे फटके यांची बेरीज, तिला 10 अधिक गमावलेले याने भागलं की परिणामकारकता. भाजकात 10 असल्यामुळे दोनदाच चेंडूला पाय लावून एकदाही न गमावणाऱ्याचा आकडा उगाच फुगत नाही. नववीच्या पोरांना हे दहा मिनिटांत समजलं. त्यांच्यासारखं मन लावून मोजणारं मोठं माणूस मिळणं अवघड.

112 जगलिंग करणारा बिब 9 आणि आपला बिब 23, दोघांचा सहभाग 17 असा सारखाच भरला. 9 ने 2 चेंडू हिसकावले, 15 मिळवले, 9 गमावले, 4 पुढे दिले आणि एक फटका गोलवर मारला. परिणामकारकता 7 भागिले 19, म्हणजे 0.37. 23 ने 9 हिसकावले, 8 मिळवले, 4 गमावले, 5 पुढे दिले, एक फटका गोलवर. 15 भागिले 14, म्हणजे 1.07.

पण बिब 9 ला या आकड्यावरून कमी लेखणं तितकंच चुकीचं. मी त्याला जवळून पाहत होतो. छातीवर आलेला चेंडू तो पायापाशी असा उतरवायचा की आवाजसुद्धा व्हायचा नाही. गटात एवढा स्वच्छ पहिला स्पर्श कुणाचाच नव्हता. अडचण नंतर यायची. चेंडू पायाशी आला की त्याची मान खाली, आणि डाव्या अंगाने मोकळा उभा असलेला सोबती ओरडतोय, "दे ना भो, दे ना!", तोवर मागून कुणीतरी चेंडू नेलेला. चेंडू येण्याआधी मान वर करून दोन बाजूंना पाहणं ही शिकवता येणारी गोष्ट आहे, आणि ज्याला चेंडूकडे पाहावंच लागत नाही इतका स्पर्श तयार आहे, त्याला ती लवकर येते.

मला जास्त काळजी वाटली ती बिब 31 ची. ही मुलगी जगलिंगमध्ये 26, ड्रिब्लिंगला 16 सेकंद, पास 19, नेमबाजी 6. बेरीज 65, क्रमांक 20. रेघेच्या तीन गुण खाली. तिच्यासाठी कुणी भांडायला आलं नाही, कारण ती कशातच डोळ्यांत भरत नव्हती. फेरतपासणीत तिच्या तीन वेळा जवळजवळ एकच आल्या. दोन्ही पायांच्या पासमध्ये फरक दोनचा. खेळात 16 चा सहभाग, फक्त 3 चेंडू गमावलेले, 7 पुढे दिलेले. परिणामकारकता 0.92. एकच संधी देणाऱ्या चाचणीत सातत्य दिसूच शकत नाही, आणि या मुलीचं सगळं भांडवल सातत्याचं होतं.

मग काय केलं

यादी रद्द करावी असं काही जणांचं म्हणणं होतं. मी त्याला विरोध केला. ज्या 18 मुलांची नावं फलकावर लागली, ज्यांच्या घरी पेढे वाटून झाले, त्यांना मोजणीच्या खोटीची शिक्षा का द्यायची? केंद्राच्या समितीने ते मानलं. 18 तसेच राहिले आणि फेरतपासणीतून आणखी सात घेतले, त्यात 23, 31 आणि आश्रमशाळेचे आणखी दोघं. जास्तीच्या मुलांमुळे चेंडू कमी पडत होते, म्हणून 4 नंबरचे सहा चेंडू आणि एक दाबमापी घेतली. 31 ची शेवटची एसटी चुकू नये म्हणून सराव अर्धा तास अलीकडे आणला. आश्रमशाळेला एक चेंडू कायमचा दिला, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात हा सगळ्यांत मोलाचा.

गुणांचा तक्ता बदलला. बेरीज बंद. प्रत्येक कसोटीत मुलाचा क्रमांक वेगळा लिहायचा आणि जगलिंग 30 पर्यंतच मोजायचं. हे 30 कुठून आणलं असं एका शिक्षकाने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. चेंडू पायाच्या धाकात आहे की नाही हे तेवढ्यात कळतं, त्यापुढे चिकाटी मोजली जाते, एवढंच माझं उत्तर. त्यांना 50 हवे आहेत, त्यावर अजून चर्चा चालू आहे. त्यापेक्षा महत्त्वाचा बदल असा की कसोटीचे आकडे आता निवडीला वापरत नाहीत. निवड खेळ पाहून, दोन वेगवेगळ्या दिवशी. कसोट्या मुलाच्या वहीत जातात: मागच्या वेळी डावा पाय 3, आता किती.

दिवाळीनंतरच्या मोजणीत 23 चा डावा पाय 9 वर आला होता आणि कॅनव्हासच्या बुटांत तो अनवाणी पळतो तितकाच चपळ पळत होता. बिब 9 चे गमावलेले चेंडू नऊवरून सहावर आले. 31 ची उंची तीन महिन्यांत तीन सेंटीमीटर वाढली आणि ड्रिब्लिंगला अर्धा सेकंद जास्त लागू लागला. शिक्षकांनी तिच्या वहीत त्या आकड्याशेजारी उंची लिहिली आणि तिला दाखवून समजावून सांगितलं. पुढची मोजणी फेब्रुवारीत, उन्हाचा चटका सुरू होण्याआधी, त्याच चुन्याच्या वर्तुळावर आहे.